पुण्याला येताय? खिशाची तयारी आधी करा

पुण्यात पाहुण्यांचे जादा पैसे मुख्यतः येण्या-जाण्यात जातात आणि त्याचं मूळ बहुतेक वेळा मुक्कामाच्या जागेत असतं. म्हणून तयारी लॉज शोधण्यापासून सुरू करा. शनिवारवाडा, दगडूशेठ, तुळशीबाग, विश्रामबागवाडा हे सगळं जुन्या पेठांमध्ये पायी फिरण्याच्या अंतरात आहे. बाणेर-बालेवाडीकडे खोली थोडी स्वस्त मिळाली, तरी तिथून शनिवारवाडा साधारण १० किलोमीटर. रिक्षाने जाऊन-येऊन साडेतीनशेच्या घरात खर्च होतो, तोही रोज. त्यापेक्षा स्वारगेट, मंडई, शिवाजीनगर, डेक्कन किंवा पुणे स्टेशन यांपैकी एखाद्या मेट्रो स्थानकापासून दहा मिनिटांत पायी पोचता येईल अशी जागा बघा. गणेशोत्सवात मात्र हे गणित उलटतं. पेठांतले रस्ते वाहनांना बंद असतात, खोल्यांचे दर चढतात. देखावे पाहायचे नसतील तर ते दहा दिवस टाळलेलेच बरे.

खोली ठरवताना फोनवर दोन प्रश्न विचाराच. चेकआउट २४ तासांचं की दुपारी १२ चं? विदर्भ-मराठवाड्यातून रात्रभर प्रवास करून पहाटे पाचला उतरणाऱ्यांसाठी हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. १२ चा नियम असेल तर सात तासांसाठी अख्ख्या दिवसाचं भाडं द्यावं लागू शकतं. अशा वेळी स्टेशनवरची रिटायरिंग रूम बघा. पक्क्या तिकिटाच्या पीएनआरवर ती ऑनलाइन ठरवता येते. दुसरा प्रश्न, सांगितलेला दर जीएसटी धरून की वगळून? २२ सप्टेंबर २०२५ पासून एका रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, पूर्वी तो १२ टक्के होता. बिलावर जीएसटी क्रमांकच छापलेला नसेल तर कर कशाचा लावला, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आता प्रवासाचं तिकीट. रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं. सुट्ट्यांच्या दिवसांत पहिल्या एक-दोन दिवसांतच ते काढा. एसटीने येणार असाल तर महिलांना अर्धं तिकीट, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं आणि ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत आहे. वयाच्या पुराव्यासाठी आधार कार्ड मूळच जवळ ठेवा. ही सवलत पुण्यातल्या पीएमपीच्या शहर बसमध्ये चालत नाही, त्यावरून कंडक्टरशी वाद घालण्यात अर्थ नाही. दिवाळीत खासगी बसवाले मनाला येईल ते भाडं सांगतात. २०१८ च्या शासन निर्णयानुसार त्यांना एसटीच्या त्याच प्रकारच्या बसभाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घेता येत नाही. एसटीचं भाडं आधी पाहून ठेवा, जादा मागितलं तर दराचा स्क्रीनशॉट घ्या आणि आरटीओकडे तक्रार करा.

शहरात फिरण्याचं नियोजन माणसांच्या संख्येवरून करा. मेट्रोच्या दोन मार्गिका आहेत, पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट आणि वनाज ते रामवाडी. त्या सिव्हिल कोर्टला मिळतात. कमाल भाडं ३५ रुपये आणि शनिवार-रविवारी ३० टक्के सूट. दिवसभराचा पास १०० रुपयांचा आहे. दोन-तीन छोट्या फेऱ्यांसाठी तो घेऊ नका, साधी तिकिटंच स्वस्त पडतात. रिक्षाचं भाडं सप्टेंबर २०२२ मध्ये ठरलं, त्यानुसार पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये आणि पुढे दर किलोमीटरला १७. निघायच्या आठवड्यात दर बदललेत का, तेवढं पाहून घ्या. या दराने ३ किलोमीटरला साधारण ५१ रुपये होतात, ५ किलोमीटरला ८५. रात्री १२ ते पहाटे ५ या वेळेत पाव पट जास्त. हा हिशेब पाठ असला की स्टेशनबाहेर कुणी पेठेत जायला दोनशे मागितले तर थबकावं लागत नाही. ‘मीटरने येणार का?’ एवढंच विचारा आणि बसल्यावर मीटर पाडलाय का ते बघा. एका रिक्षात तिघेच बसू शकतात. तिघे असाल तर दोन किलोमीटरच्या आत रिक्षाच परवडते, माणशी अकरा-बारा रुपये पडतात. चौघे झालात की दोन रिक्षा लागतात, मग मेट्रो किंवा बस धरा.

बसने लांब आणि जास्त फेऱ्या करणार असाल तर पीएमपीचा ७० रुपयांचा दैनिक पास घ्या. तो पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिकांच्या हद्दीपुरता चालतो, आसपासच्या गावांसह पुणे महानगर प्रदेशाच्या (पीएमआरडीए) पूर्ण हद्दीसाठी १५० रुपयांचा पास आहे. भाडं ५ किलोमीटरपर्यंत १०, १० किलोमीटरपर्यंत २० रुपये आहे. पेठांतच फिरायचं असेल तर पास वसूल होत नाही.

सिंहगडासाठी दिवसभराची टॅक्सी करायची गरज नाही. स्वारगेटहून पीएमपीची बस पायथ्यापर्यंत जाते, चढवत नसेल तर वर शेअर जीप मिळते. गडावर पिठलं-भाकरी मागवण्याआधी ताटाचा दर, त्यात किती भाकऱ्या आणि दही धरलंय की वेगळं, हे विचारा. कार्ला आणि भाजे इथल्या लेण्यांसाठी लोणावळा लोकल पकडा आणि मळवलीला उतरा. तिकीट अगदी नाममात्र आहे. दुपारी लोकल फार कमी असतात, त्यामुळे परतीची वेळ आधीच लिहून ठेवा, नाहीतर मळवलीत अडकून गाडी करावी लागते.

शनिवारवाडा आणि आगाखान पॅलेस ही केंद्रीय पुरातत्त्व खात्याची स्मारकं आहेत. भारतीयांना तिकीट २५ रुपये, ऑनलाइन २०, आणि १५ वर्षांखालच्या मुलांना लागत नाही. रांगेत उभं राहण्यापेक्षा क्यूआर कोड स्कॅन करून ऑनलाइन तिकीट काढा. जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर आणि पर्वतीचं मंदिर पाहायला तर पैसेच लागत नाहीत.

पाण्याची बाटली दुकानातून घ्या. दुकानदाराला छापील किमतीवर एक रुपयाही घेता येत नाही. हॉटेलात बसून घेतली तर मात्र जास्त लावू शकतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तसा निर्णय दिला आहे. बिलात ‘सेवा शुल्क’ दिसलं तर ते काढायला सांगा, ते ऐच्छिक आहे. ऐकलं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. मिसळ घेताना जादा पाव आणि रस्सा फुकट की पैसे देऊन, हे जागोजागी वेगळं असतं, आधी विचारा.

बाकरवडी शेवटच्या तासाला स्टेशनवर घाईत घेऊ नका, आदल्या दिवशी मुख्य दुकानातून घ्या आणि पाकिटावरची छापील किंमत व तारीख बघा. तुळशीबागेत घासाघीस चालते, पण आधी तीन-चार दुकानांत दर विचारून मगच. लक्ष्मी रस्त्यावरच्या मोठ्या साडीदुकानांत भाव ठरलेले असतात. परतीच्या दिवशी सामानासाठी खोली अर्धा दिवस वाढवू नका. स्टेशनच्या क्लोकरूममध्ये बॅगा ठेवा. प्रत्येक बॅगेला कुलूप आणि हातात प्रवासाचं तिकीट हवं, म्हणून दोन छोटी कुलपं घरूनच आणा.