नळावरचा ‘सी’ गार पाण्याचा नसतो: इटलीत या चुका टाळा

रोममधल्या हॉटेलात पहिल्याच सकाळी बाबा बाथरूममधून ओरडले. नळावर ‘सी’ लिहिलंय म्हणजे गार पाणी, असं धरून त्यांनी तो पूर्ण सोडला होता. इटालियनमध्ये ‘सी’ म्हणजे काल्दो, कढत. गार पाण्याच्या नळावर ‘एफ’ असतं, फ्रेद्दो. दचकून त्यांनी भिंतीवरून लोंबणारी दोरी धरली. ती निघाली मदतीच्या घंटेची. दोन मिनिटांत रिसेप्शनवरची बाई दाराशी हजर, आणि बाबा टॉवेल गुंडाळून “नो प्रॉब्लेम, नो प्रॉब्लेम” करतायत.

निघताना शेजारपाजाऱ्यांपासून व्हिसाचे कागद लावून देणाऱ्यापर्यंत प्रत्येकाने एकच बजावलं होतं, खिसा सांभाळा. तो सांभाळायचाच, रोमच्या मेट्रोत आणि मोठ्या स्टेशनांवर खिसेकापू आहेतच. पण तीन फेऱ्यांमध्ये आमचे जे पैसे आणि जे तास वाया गेले, ते चोरांनी नेलेले नाहीत. कुठे ओळखीचा वाटणारा शब्द नडला, तर कुठे ‘आपल्याकडे असंच असतं’ हे गृहीतक.

‘मी शाकाहारी आहे’ एवढ्याने भागत नाही

मराठी घरातून इटलीला जाणाऱ्यांचा सगळ्यात मोठा घोळ जेवणाच्या टेबलावर होतो, म्हणून इथे जरा थांबते.

पिझ्झ्याच्या यादीत ‘पेपेरोनी’ दिसलं की आपण पुढे सरकतो, कारण भारतातल्या पिझ्झा दुकानांनी तो शब्द मांसाचा करून ठेवलाय. इटलीत पेपेरोनी म्हणजे ढोबळी मिरची! उलट ‘दियावोला’ हे नाव तिखट वाटतं म्हणून शाकाहारी माणूस उत्साहाने मागवतो, आणि त्यावर सलामीच्या, म्हणजे खारवलेल्या मांसाच्या, चकत्या येतात. ‘मारिनारा’ ऐकून मासे आठवतात, पण त्या पिझ्झ्यावर टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल एवढंच असतं, चीजसुद्धा नाही. ‘नापोली’ किंवा ‘नापोलेताना’ वाचून शहराचं नाव वाटतं. त्यात मात्र अँचोव्ही, म्हणजे छोटे खारवलेले मासे, असतात. ‘ओर्तोलाना’ दिसली तर डोळे मिटून घ्या, भाज्यांचा पिझ्झा.

वेटरला नुसतं “वेजेतारियाना” सांगितलं तर तो मनापासून मदत करतो. आईला असं सांगितल्यावर त्याने आनंदाने ट्यूनाचं सॅलड सुचवलं होतं. त्याच्या लेखी मासा म्हणजे मांस नव्हे. त्यामुळे यादीच सांगायची: सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे, म्हणजे मांस नको, मासा नको. अंडंही चालत नसेल तर सेन्झा उओवा.

अंड्याचा मुद्दा बारकाईने बघा. ताजा पास्ता, म्हणजे तालियातेल्ले, राव्हिओली वगैरे, बहुतेक ठिकाणी अंडं घालूनच मळतात. सुका पास्ता, स्पगेत्ती किंवा पेन्ने, सहसा फक्त गहू आणि पाण्याचा असतो. अंडं टाळणाऱ्यांनी पेन्ने आर्राब्यात्ता किंवा स्पगेत्ती अल पोमोदोरो घ्यावं. रिसोत्तो दिसायला निव्वळ भात, पण तो बऱ्याचदा मांसाच्या सुपात शिजवतात. मिलानच्या पिवळ्या रिसोत्तोत तर परंपरेने हाडातली मज्जा घालतात. मिनेस्त्रोने भाज्यांचं असूनही त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे असू शकतात. “ब्रोदो दी कार्ने?”, म्हणजे मांसाचं सूप आहे का, एवढं विचारलं की कळतं. पियादिना ही पोळीसारखी रोटी बघून आई खूश झाली होती, पण तिच्या पिठात डुकराची चरबी घालायची पद्धत जुनी आहे. ऑलिव्ह तेलातलीही मिळते, विचारून घ्यायची.

काटेकोर पाळणाऱ्यांसाठी आणखी एक. पार्मिजानो हे चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने, म्हणजे दूध फाडणाऱ्या पाचकद्रव्याने, विरजतात आणि ते पास्त्यावर न विचारता भुरभुरतात. तिरामिसूत कच्चं अंडं असतं, पान्ना कोत्तात जिलेटिन, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातडीपासून काढलेला घट्ट करणारा पदार्थ. गोडात निर्धास्त काही हवं असेल तर फळांचं सोर्बेत्तो.

वेळेचा घोळ वेगळाच. दुपारी साधारण तीन ते संध्याकाळी सात-साडेसात बहुतेक स्वयंपाकघरं बंद असतात. प्रेक्षणीय स्थळ आटोपून चार वाजता जेवायला बसू म्हटलं तर बाहेर फोटोवाले मेन्यू लावलेली पर्यटकी हॉटेलंच उघडी सापडतात आणि तिथे दाम दुप्पट, चव निम्मी. त्या वेळी बेकरीतून तुकड्यावर मिळणारा पिझ्झा घ्यावा, किंवा थेपले सोडावेत.

बिलावर ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी एक ते तीन युरो दिसले तर भांडू नका. ती बसण्याची आणि ब्रेडची आकारणी, मेन्यूवर बारीक अक्षरात लिहिलेली असते. ती दिल्यावर टिप ठेवलीच पाहिजे असं नाही. कॉफी काउंटरशी उभ्याने प्यायली तर स्वस्त. तीच टेबलावर बसून घेतली की दर बदलतो, आणि व्हेनिसच्या सान मार्को चौकात तर फारच बदलतो. ‘लात्ते’ मागाल तर पेलाभर दूध पुढ्यात येईल. हवी असते ती ‘काफेलात्ते’.

तिकीट आहे, तरी दंड

इटलीत गाड्या दोन जातींच्या. फ्रेच्चारोस्सा आणि इतालो या वेगवान गाड्यांच्या तिकिटावर तारीख, वेळ, डबा, सीट सगळं असतं. बसायचं आणि जायचं. दुसरी ‘रेजोनाले’, आपली पॅसेंजर. तिच्या कागदी तिकिटावर ठरावीक गाडीची वेळ नसते, म्हणून चढण्याआधी फलाटावरच्या छोट्या यंत्रात ते घालून शिक्का मारून घ्यावा लागतो. शिक्क्यापासून चार तास ते चालतं. शिक्का नसेल तर टीसीच्या दृष्टीने तुम्ही तेच तिकीट उद्याही वापरणार आहात. मुंबईच्या लोकलचं तिकीट काढल्या क्षणापासून चालू होतं, त्यामुळे हे आपल्या डोक्यातच येत नाही. मोबाइलवर काढलेल्या रेजोनाले तिकिटालाही चेक-इन करावं लागतं.

यंत्र बिघडलेलं असेल तर शेजारचं बघा. तेही बंद असेल तर तिकिटावर पेनाने तारीख, वेळ आणि स्टेशनचं नाव लिहा. विसरून चढलात, तर टीसी आपल्यापर्यंत येण्याआधी आपण त्याच्यापर्यंत जायचं. स्वतःहून सांगणाऱ्याशी तो वेगळं वागतो. निदान आमच्याशी वागला.

स्टेशनांची नावंही चकवतात. व्हेनिसची दोन मुख्य स्टेशनं. मेस्त्रे हे जमिनीवरचं, साधं शहर. सांता लुचिया हे बेटावरचं, बाहेर पडलं की समोर ग्रँड कॅनाल. ‘व्हेनेत्सिया’ एवढंच वाचून मेस्त्रेला उतरलेली माणसं बॅगा घेऊन पाणी शोधताना मी पाहिली आहेत. घाबरायचं नाही, पुढची गाडी दहा-बारा मिनिटांत सांता लुचियाला पोचवते. पाँपेईचे अवशेष बघायचे तर नेपल्सहून चिर्कुमवेसुवियाना ही छोटी लाइन धरून ‘पाँपेई स्कावी’ला उतरायचं, नुसत्या ‘पाँपेई’ स्टेशनवर उतरलात तर मोठी पायपीट. आणि मिलानला बोर्डावर ‘मोनाको’ दिसलं तर ते समुद्रकाठचं श्रीमंत मोनाको असेलच असं नाही, इटालियन लोक म्युनिकलाही मोनाकोच म्हणतात.

बोर्डावर किंवा बातम्यांत ‘शोपेरो’ दिसला, तर तो संप. हादरून सगळी सहल रद्द करू नका. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात ठरावीक रेजोनाले गाड्या चालवाव्याच लागतात, आणि संप आधी जाहीर होतात. आमची विमानतळाची गाडी अशाच सकाळच्या वेळात मिळाली.

शहरातल्या बसचं तिकीट ड्रायव्हर देईल या भरवशावर राहू नये. मोठा ‘टी’ लावलेल्या तबाक्की दुकानात, म्हणजे तिथल्या पान-बिडीच्या दुकानात, ते घ्यायचं आणि बसमध्ये शिक्का मारायचा. रोमचं साधं तिकीट १०० मिनिटं चालतं.

दारात पोचून परत फिरणं

मिलानला जाऊन लिओनार्दोचं ‘द लास्ट सपर’ हे भित्तिचित्र बघू, असं म्हणून कुणी निघू नये. एका वेळी मोजकीच माणसं, फक्त १५ मिनिटं, सोमवारी बंद, आणि तिकिटं कितीतरी आठवडे आधी संपतात. ते तिकीट मिळालं की मग बाकी प्रवास आखावा, उलटं नाही. कोलोसियमचं तिकीट साधारण महिनाभर आधी खुलं होतं आणि त्यावर नाव असतं. ते पासपोर्टशी जुळायला हवं. पासपोर्टवर वडिलांच्या नावासकट लांबलचक नाव आणि तिकिटावर घरगुती ‘बंडू’ असं चालत नाही. शोधल्यावर सगळ्यात वर येणारी साइट अधिकृतच असेल असं नाही, दलाल दुप्पट भावाने तेच विकत असतात.

व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद. महिन्याच्या शेवटच्या रविवारी उघडतात, फुकट, आणि रांग आषाढीची. फ्लॉरेन्सचं उफ्फीत्सी संग्रहालय सोमवारी बंद. १५ ऑगस्टला आपल्यासारखीच तिथेही सुट्टी असते, फेरागोस्तो, आणि त्याच्या आगेमागे कितीतरी घरगुती खाणावळी चक्क दोन-तीन आठवडे कुलूप लावून समुद्रावर जातात.

चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. साडीला कुणी अडवत नाही. अडकला तो माझा भाऊ, हाफ पँटमध्ये, सेंट पीटरच्या रांगेत तासभर उभा राहून. पिशवीत एक ओढणी किंवा पातळ लुंगी ठेवली की काम होतं. रोमच्या स्पॅनिश स्टेप्सवर २०१९ पासून बसायला मनाई आहे. हे मात्र मला अजून पटलेलं नाही. पायऱ्या बसायला नाहीत तर कशाला?

निघायच्या आधी बॅग उघडा

युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानात नेता येत नाहीत. पेढे, खवा, तूप घरी ठेवा, कढीपत्त्याची जुडीसुद्धा. भाजणी, चिवडा, चटण्या न्या. आपला तीन जाड पिनांचा प्लग तिथल्या भिंतीत जात नाही, एक ॲडाप्टर लागतो. कार्डाने पैसे देताना यंत्र “रुपयांत की युरोत?” विचारतं, ओळखीचं चलन म्हणून रुपये दाबू नका, दर त्यांचा लागतो. युरोच निवडा.

पासपोर्ट गेलाच, तर आधी पोलिसांकडे ‘देनुन्चा’ म्हणजे तक्रार नोंदवून त्याचा कागद घ्या, मग रोमचा भारतीय दूतावास किंवा मिलानचं वाणिज्य दूतावास. अडचणीत कुठेही ११२.

गाडी भाड्याने घेणार असाल तर

आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या, भारतीय लायसन्ससोबत तो लागतो. टस्कनीच्या टेकड्यांतून गाडी चालवणं हे सुखच आहे. दुःख सुरू होतं ते जुन्या शहराच्या वेशीवर.

फ्लॉरेन्स, पिसा, सिएना, रोम अशा शहरांच्या गाभ्यात ‘झेडटीएल’ असतं, मर्यादित वाहतुकीचा भाग. वेशीवर लाल वर्तुळाचा पांढरा फलक आणि कॅमेरा. अडवायला पोलीस नाही, फाटक नाही. फलकावर दिवे पेटलेले, ‘वार्को आत्तीवो’. गाडी मी चालवत होते, बाबांनी ते मोठ्याने वाचलं: “अगं, आत्तीवो म्हणजे ॲक्टिव्ह. चालू आहे, जा!” चालू होता तो कॅमेरा. ‘आत्तीवो’ म्हणजे आत जायला बंदी, ‘नॉन आत्तीवो’ असेल तेव्हाच रस्ता खुला. हॉटेलचा रस्ता चुकला म्हणून त्याच वेशीतून आम्ही दोनदा गेलो. दोन फेऱ्या, दोन दंड.

हॉटेलच झेडटीएलमध्ये असेल तर आरक्षण करतानाच विचारा. बरीच हॉटेलं गाडीचा नंबर प्रशासनाकडे नोंदवून देतात. सोपं म्हणजे वेशीबाहेर गाडी लावून चालत जा.

आम्ही मेमध्ये परतलो. जूनमध्ये गाडीवाल्यांनी कार्डावरून काही रक्कम कापली. वाटलं, दंड भरून सुटलो. तो दंड नव्हताच, आमचा पत्ता पोलिसांना कळवल्याचं शुल्क होतं. खरी नोटीस दिवाळीच्या सुमारास पुण्याच्या पत्त्यावर आली, प्रत्येक फेरीचे ८० युरोंच्या वर. परदेशी पत्त्यावर ती वर्षभरानेही येऊ शकते. नोटीस हातात पडल्यापासून पाच दिवसांत भरली तर ३० टक्के सूट असते, त्यामुळे पाकीट आलं की त्याच दिवशी उघडा. आमचं आठवडाभर टीपॉयवर पडून होतं, कुणीतरी शुभेच्छापत्र पाठवलंय असं समजून.