पेडल दाबल्यावर नाही, पाय उचलल्यावर लूप सुरू होतो? हे करून बघा

साधं सस्टेन पेडल (स्वर लांबवायचं पायाचं पेडल) मिडी कीबोर्डला (लॅपटॉपला वाजवण्याचे संदेश पाठवणारा कीबोर्ड), कीबोर्ड यूएसबीने लॅपटॉपला, लॅपटॉपवर एबलटन लाइव्ह या संगीत सॉफ्टवेअरचा लूपर, म्हणजे वाजवलेला तुकडा रेकॉर्ड करून पुन्हा पुन्हा वाजवणारं साधन. पेडल दाबलं की काहीच होत नव्हतं, पाय उचलला की रेकॉर्डिंग सुरू. तबल्याचा ठेका लूप करताना समेचा 'धा' दर वेळी कापला जायचा. बफर (आवाजाला उशीर करणारा साठा) कमी केला, क्वांटायझेशन (ठोके आपोआप तालात बसवणं) बंद केलं, केबल बदलली, फरक शून्य. फार वैताग आला.

खरं कारण पोलॅरिटी. काही पेडलं दाबल्यावर सर्किट जोडतात, काही तोडतात. उलटं जुळलं की पाय वर असताना सीसी ६४ (सस्टेन पेडलचा मिडी संदेश) ची किंमत १२७ आणि दाबल्यावर ० जाते. लूपर १२७ ला जागा होतो.

आधी कीबोर्ड बंद करा. पेडल बंद कीबोर्डलाच लावा. आता पेडलला पाय न लावता कीबोर्ड चालू करा. बरेच कीबोर्ड त्या क्षणी पेडलची जी स्थिती असेल तीच 'न दाबलेली' धरतात. पेडलच्या तळाशी पोलॅरिटीचं बटण असेल, तर कीबोर्ड बंद असतानाच ते सरकवा.

मग लाइव्हच्या मिडी सेटिंगमध्ये त्या कीबोर्डच्या इनपुटसमोर 'रिमोट' चालू करा. कंट्रोल-एम (मॅपिंग, म्हणजे पेडल आणि बटण जोडणं, सुरू), लूपरच्या मोठ्या बटणावर क्लिक, पेडल एकदा दाबा, पुन्हा कंट्रोल-एम. जुनं मॅपिंग आधी काढून टाका.

आता दाबताक्षणी रेकॉर्डिंग सुरू होतं, 'धा' पूर्ण येतो. लूप थांबवायला पेडल पटकन दोनदा दाबायचं.