वन्यप्राणी उपचार केंद्रात काम करायचंय? माझा अनुभव

ऊसतोड सुरू झाली की चोपडा-यावलकडून फोन यायला लागतात. "बिबट्याची पिल्लं सापडली, लवकर या." एका हिवाळ्यात असाच फोन आला. वनखात्याच्या लोकांबरोबर मी शेतात पोहोचले, तर मजुरांनी तीन पिल्लं गोणपाटावर ठेवलेली आणि भोवती पन्नासेक माणसं मोबाइल काढून उभी. शेतमालक आप्पांचा पहिला प्रश्न होता, "ताई, भूक लागनी व्हई येस्ले, दूध पाजू का?"

मी नको म्हटलं. गायीच्या दुधाने या पिल्लांना जुलाब लागतात, आणि चमच्याने पाजताना ते श्वासनलिकेत उतरलं तर जीवच जातो. मग पिल्लं नीट पाहिली. बिबट्याच्या पिल्लासारखे दाट ठिपके नव्हते, शेपूट आखूड, कानांच्या टोकांना काळ्या केसांचा बारीक झुबका. रानमांजर होतं ते. उसात ते नेहमी वितं, आणि घाईत बघणाऱ्याला बिबट्याच वाटतो.

आप्पांनी केळीचं एक रिकामं कॅरेट दिलं. त्यात उसाचं पाचट घातलं, पिल्लं ठेवली आणि कॅरेट जिथे ती सापडली होती तिथेच नेऊन ठेवलं. तेवढ्या पट्ट्यातली तोड थांबवली, गर्दी पांगवली, झाडाला कॅमेरा बांधला. पावणेनऊच्या सुमारास आई आली. दोनदा कॅरेटभोवती फिरली, मागे सरली, पुन्हा आली आणि एकाला मानेला धरून उसात शिरली. तिसरं पिल्लू न्यायला ती आली तेव्हा साडेदहा होऊन गेले होते. इतक्या वर्षांतली माझी सगळ्यात चांगली रात्र ती, आणि दिवसभरात मी त्या पिल्लांना जेमतेम पाच मिनिटं हात लावला होता.

हे सगळ्यात आधी सांगण्याचं कारण आहे. जळगाव-धुळ्याकडची पोरं मला विचारतात, "ताई, प्राण्यांजवळ राहायचंय, काय शिकू?" प्राण्यांजवळ राहायचं म्हणून या कामात येऊ नका. प्राणी आपल्यापासून लांब जावा, यासाठी हे काम असतं.

शब्दांचा घोळही आधीच मिटवू. यावल, अनेर धरण, गौताळा ही अभयारण्यं. तिथले प्राणी आपापलं जगतात. उपचार केंद्रात जखमी नाहीतर अनाथ प्राणी येतो, बरा होतो आणि परत जातो. जो परत जाऊच शकत नाही, त्याला आयुष्यभर सांभाळणारी केंद्रं वेगळी. जुन्नरजवळच्या माणिकडोहला असे बिबटे आहेत, नागपूरला गोरेवाड्यातही आहेत. बिबट्याला पकडून दुसरीकडे सोडलं की प्रश्न सुटतो, असं गावात सर्रास बोललं जातं. जुन्नर भागातल्या अभ्यासात उलट दिसलं: पकडलेले बिबटे जिथे नेऊन सोडले, तिथे माणसांवरचे हल्ले वाढले.

आता माझी चूक. विदर्भातल्या एका केंद्रात मी नवीन होते, तेव्हा वानराचं एक पिल्लू आलं. आई रस्त्यावर गाडीखाली गेलेली. पिल्लू रात्रभर किंचाळायचं. बिलगायला त्याला जाड टॉवेलची गुंडाळी द्यायची आणि लवकरात लवकर इतर पिल्लांत सोडायचं, अशी पद्धत असते. मला ते रडणं ऐकवेना. रात्रपाळीत मी त्याला उचलून घ्यायचे, खांद्यावर घेऊन फिरायचे, त्याच्याशी बोलायचे. दोन महिन्यांनी त्याला कळपाच्या पिंजऱ्यात सोडलं, तर ते जाळीला चिकटून माझ्याकडेच बघत बसलं. मोठ्या वानरांनी त्याला मारलं, चावलं. ते जंगलात कधीच गेलं नाही. याला मी माया समजत होते. त्याची किंमत त्या पिल्लाने भरली.

हरणाच्या जातीला तर नुसती माणसांची गर्दीही मारते. विहिरीत पडलेलं काळवीट किंवा नीलगाय बाहेर काढली, अंगावर ओरखडाही नाही, आणि दोन दिवसांनी मेली, असं होतं. धास्तीने आणि धडपडीने स्नायू आतून फुटतात, त्यातलं विष मूत्रपिंडात जातं. म्हणून आधी डोळ्यांवर फडकं, मग शांतता, मग बाकी सगळं.

शिक्षणाचं थोडक्यात सांगते. प्राण्यांचं डॉक्टर व्हायचं असेल तर बारावीला जीवशास्त्र, मग 'नीट' ही प्रवेश परीक्षा आणि पशुवैद्यकाची साडेपाच वर्षं, इंटर्नशिप धरून. महाराष्ट्रातली सरकारी पशुवैद्यक महाविद्यालयं नागपूरच्या पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली येतात. माझ्यासारखं प्राणिशास्त्रात बी.एस्सी., एम.एस्सी. करून जीवशास्त्रज्ञ म्हणूनही येता येतं. वन्यजीवांवरच्याच एम.एस्सी.साठी डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आहे. वनरक्षकाची भरती बारावीवर निघते, आणि घटनास्थळी आधी पोहोचतो तो वनरक्षकच. पगार सुरुवातीला कमी असतो. घरी हे आधीच स्पष्ट बोलून घ्या.

घरी पिंजरा ठेवून 'सराव' मात्र करू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्यप्राणी पकडणं, पाळणं गुन्हा आहे. पोपटसुद्धा त्यात आला. प्राणी दिसला की १९२६ वर वनखात्याला फोन करा. मान्यता असलेल्या केंद्रात सुट्टीतले दोन महिने काढा, आणि जाण्याआधी रेबीजची आणि धनुर्वाताची लस घ्या.

तिथे पहिल्या दिवशी हातात झाडू येईल. तोंड पाडू नका. विष्ठा पातळ आहे का, त्यात जंत आहेत का, कालच्या मांसातलं किती उरलं, हे झाडणाऱ्यालाच दिसतं. आमच्याकडे एक काका होते, शाळा चौथीपर्यंत झालेली. एकदा एका बिबट्याच्या पिंजऱ्यातली हाडं गोळा करून ते डॉक्टरांकडे आले आणि म्हणाले, "साहेब, हा चार दिवस झाले एकाच बाजूने चावतोय." भूल देऊन तोंड उघडलं. डाव्या सुळ्याच्या मुळाशी पू झाला होता.