चंक्रमण: चालता चालता ध्यान करायला कशी सुरुवात करावी

ध्यान म्हटले की मांडी घालून, डोळे मिटून बसलेली आकृतीच नजरेसमोर येते, आणि त्यामुळे ज्यांना गुडघेदुखीने खाली बसवत नाही किंवा बसल्याबरोबर डुलकी लागते, असे अनेक जण ध्यान हा आपला प्रांत नाही असे ठरवून मोकळे होतात. बौद्ध परंपरेने मात्र चालणे, उभे राहणे, बसणे आणि पहुडणे या चारही अवस्था साधनेच्याच मानल्या आहेत. सतिपट्ठान सुत्त या बुद्धांच्या ध्यानविषयक उपदेशातील यासंबंधीची सूचना अगदी साधी आहे: साधक चालत असतो तेव्हा आपण चालत आहोत हे तो जाणतो. या चालण्याला पालीत चंकम आणि संस्कृतात चंक्रमण म्हणतात. बोधगयेच्या महाबोधी मंदिराच्या उत्तरेला एका लांबट ओट्यावर दगडी कमळे कोरलेली आहेत, आणि ज्ञानप्राप्तीनंतर बुद्धांनी तेथे येरझारा घातल्या अशी श्रद्धा आहे. येरझारा हाच शब्द येथे महत्त्वाचा आहे, कारण फेरफटक्याला निघालेला माणूस कुठेतरी जातो, तर चंक्रमण करणारा ठरावीक अंतर जातो आणि तेवढाच परत येतो. पोहोचण्याचे ठिकाणच उरले नाही, की पावलाकडे लक्ष द्यायला सवड मिळते.

सुरुवात जागेपासून करावी. मोकळ्यावर 20 ते 30 पावलांची सरळ, सपाट वाट मिळाली तर उत्तम. थायलंडच्या अरण्यवासी भिक्षूंच्या वाटा साधारण एवढ्याच असतात. घरात 10 पावलांची मोकळी जागाही पुरते, मात्र त्याहून आखूड वाटेवर सारखे वळावे लागते आणि लय बसत नाही. फार लांब वाट घेतली तर मध्येच मन भरकटते आणि ते ध्यानात येईपर्यंत अर्धी वाट सरून गेलेली असते. वाटेची दोन्ही टोके आधीच ठरवून ठेवावीत, म्हणजे कुठे थांबायचे याचा विचार चालताना करावा लागत नाही. मोबाइलवर 10 मिनिटांचा गजर लावून तो दूर ठेवावा. कानात संगीत नको, आणि सोबतीला बोलणारे माणूसही नको.

अनवाणी चालता आले तर तळव्यांना जास्त कळते. तरीही मधुमेहामुळे किंवा अन्य कारणाने ज्यांच्या पावलांची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी अनवाणी चालण्याचा मोह टाळून मऊ, पायाला नीट बसणारी चप्पल घालावी. लागलेले न कळणे ही त्यांच्यासाठी खरी जोखीम असते. अनवाणी पायांचा हट्ट मुळात कोणीच धरण्याचे कारण नाही. सोण कोळिविस नावाचा सुकुमार भिक्षू चंक्रमण करता करता तळवे फुटून रक्त येईपर्यंत चालला, तेव्हा बुद्धांनी त्याला वीणेच्या तारांचा दाखला दिला: तार फार ताणली तरी सूर बिघडतो, फार सैल सोडली तरी बिघडतो. विनयपिटक या भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथातील कथेनुसार भिक्षूंना पादत्राणे वापरण्याची मुभा मिळाली ती याच प्रसंगानंतर.

आता वाटेच्या एका टोकाला उभे राहावे आणि लगेच निघू नये. दोन्ही पावलांत थोडे अंतर ठेवून अंगाचा भार कुठे पडला आहे, टाचांवर की चवड्यांवर, डावीकडे अधिक की उजवीकडे, हे मिनिटभर पाहावे. हात पोटापुढे एकमेकांत हलके गुंफावेत किंवा पाठीमागे घ्यावेत, म्हणजे ते उगाच लोंबकळत नाहीत. नजर पुढे दोन मीटरच्या आसपास जमिनीवर सैल टेकलेली असावी. पायांकडे टक लावून पाहायचे नसते, कारण पाऊल पाहणे आणि पाऊल आतून जाणवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपल्याला दुसरी हवी आहे. शिवाय मान सतत खाली राहिली की ती अवघडते.

मग चालू लागावे, पण नेहमीच्याच गतीने. नवशिक्यांना बहुतेकदा पहिल्या पावलापासून अतिशय संथ चालायला सांगितले जाते, आणि माझ्या मते चूक होते ती इथेच. नेहमीच्या चालण्यात एक पाऊल हवेत असते तो काळ अर्ध्या सेकंदाहूनही कमी असतो आणि पुढे सरकणाऱ्या अंगाची गतीच तोल सावरून धरते. गती एकदम कमी केली की एका पायावर उभे राहण्याचा काळ वाढतो, घोटा थरथरू लागतो आणि सगळे लक्ष न पडण्यात खर्च होते. मी पहिल्या दिवशी चित्रपटातल्या संथ दृश्यासारखे चालायला गेलो आणि चौथ्या पावलाला भिंत धरावी लागली. म्हणून पहिली तीन-चार मिनिटे सहज चालावे आणि मनात फक्त 'डावा, उजवा' एवढेच म्हणावे. मन जरा स्थिरावले की गती आपोआप उतरू लागते. तेवढीच उतरू द्यावी. ज्यांना चक्कर येण्याचा त्रास आहे किंवा ज्यांचा तोल कच्चा आहे, त्यांनी भिंतीलगतची वाट निवडावी.

गती उतरली की एका पावलाचे तीन भाग करून पाहता येतात: उचलणे, पुढे नेणे, टेकवणे. ब्रह्मदेशातील ध्यानगुरू भिक्षू महासी सयादॉ यांच्या पद्धतीत हे भाग वाढवत सहापर्यंत नेतात, पण पहिल्या काही आठवड्यांत तीनच पुरेत. प्रत्येक भागाला मनात हलकेच नाव द्यावे, 'उचलला, नेला, टेकला'. नाव हे केवळ बोट दाखवण्यापुरते असते. मनातले बहुतांश लक्ष शब्दावर नव्हे तर संवेदनेवर हवे. टाच सुटताना पोटरी आवळते. चवडा दुमडतो आणि शेवटी अंगठ्याच्या मुळाशी क्षणभर दाब गोळा होतो. पाऊल हवेत गेले की ते एकाएकी हलके वाटते, आणि त्याच वेळी दुसऱ्या मांडीत भार उतरलेला असतो, जो आपल्या लक्षातही येत नाही. मग टाच टेकते, फरशीचा गारवा आधी तिथे लागतो आणि तळवा पसरत जाईल तसा तो पुढे सरकतो. एवढे सगळे एका पावलात घडते, आणि आयुष्यभर चालूनही यातले काही आपण पाहिलेले नसते. रोज हे सगळे दिसलेच पाहिजे असे नाही. ज्या दिवशी जे कळेल तेवढे खरे.

खरी कसोटी वाटेच्या टोकाला असते. सरळ चालताना टिकलेले लक्ष वळताना हमखास सुटते, कारण मनाच्या लेखी एक काम संपलेले असते आणि दुसरे अजून सुरू झालेले नसते, आणि नेमके त्या फटीतून उद्याची कामे आत शिरतात. म्हणून टोकाला आल्यावर पूर्ण थांबावे, 'उभा आहे' किंवा 'उभी आहे' असे म्हणून एक श्वास जाऊ द्यावा, वळावेसे वाटते ती इच्छाही नोंदवावी, आणि मग तीन-चार लहान पावलांत वळावे. वळून झाल्यावर पुन्हा एक श्वास थांबावे. मला तर वाटते की अगदीच वेळ नसेल त्या दिवशी निव्वळ वळणे जरी नीट साधली तरी सराव झाला म्हणावे.

मन भटकणारच. भटकल्याचे कळले की 'विचार' एवढीच नोंद करून पुढच्या पावलावर यावे. स्वतःवर चिडण्यात आणखी दहा पावले जातात. एखादा विचार मात्र चिवट असतो, कोणाशी झालेले भांडण किंवा आर्थिक काळजी, आणि तो पावलागणिक परत येतो. अशा वेळी चालत राहण्याऐवजी जागीच उभे राहून तो छातीत, पोटात कसा जाणवतो ते थोडा वेळ पाहावे आणि तो सैलावल्यावर निघावे. श्वासाच्या बाबतीत एक सावधगिरी सांगायला हवी. व्हिएतनामी भिक्षू तिक न्यात हान्ह श्वास आणि पावले जोडायला शिकवत, आणि पुष्कळांना ते मानवते. पण एका श्वासात किती पावले पडतात ते मोजायचे असते, ठरावीक पावलांत श्वास बसवायचा नसतो. दम लागू लागला तर आपण उलटे करत आहोत असे समजावे.

कंटाळा साधारण सातव्या-आठव्या मिनिटाला येतो. माझ्या अनुभवात तेव्हा गती किंचित वाढवणे हा चांगला उपाय आहे, आणि झोप येत असेल तर तो अधिकच लागू पडतो. जपानी झेनमध्ये बैठकींच्या मध्ये चालण्याचे ध्यान करतात, त्याला किन्हिन म्हणतात. तिथेही सोतो पंथ अत्यंत संथ चालतो, तर रिंझाई पंथ झपझप. तेव्हा अमुक एक गती म्हणजे ध्यान असे काही नाही. सार्वजनिक बागेत लोक पाहतील म्हणून संकोच वाटत असेल, तर सर्वसाधारण गतीने चालावे. तळव्यांत काय चालले आहे ते बाहेरून कोणाला दिसत नाही. रहदारीच्या रस्त्यावर मात्र हा सराव करू नये, तिथे लक्ष वाहनांकडेच हवे.

पहिला आठवडा रोज 10 मिनिटे, मग 15, मग 20 अशी वाढ पुरेशी आहे. महासी पद्धतीच्या शिबिरांत साधारण तासभर बैठक आणि तासभर चंक्रमण असा क्रम दिवसभर चालतो, पण घरी त्याची बरोबरी करू नये. बसून ध्यान करणाऱ्यांनी बैठकीच्या आधी चालून पाहावे. अंगुत्तर निकाय या बुद्धवचनांच्या पाली संग्रहात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत: लांबचा प्रवास झेपतो, परिश्रम झेपतात, आजार कमी होतात, खाल्लेले पचते, आणि चालताना मिळवलेली समाधी दीर्घकाळ टिकते. त्यातला शेवटचा लाभ बैठकीत लगेच पडताळता येतो.

गजर वाजल्यावर लगेच मोबाइलकडे जाऊ नये. उचललेले पाऊल पुरे टेकवावे, असाल तिथेच उभे राहून दोन-तीन श्वास घ्यावेत, आणि मग गजर बंद करायला जातानाची ती आठ-दहा पावलेही तशीच, तळव्यांवर लक्ष ठेवून टाकावीत.