गिझर निवडताना लिटरआधी किलोवॅट वाचा

घरात माणसे किती आणि आंघोळ बादलीने होते की शॉवरने, हे तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणून थेट गिझरवरच्या आकड्यांकडे वळू. ‘चार माणसे, म्हणजे २५ लिटर’ हा दुकानातला ठोकताळा मला मुळीच मान्य नाही. लिटर फक्त टाकीत किती पाणी मावते ते सांगतात, ते किती वेळात तापेल हे किलोवॅटवर ठरते.

मी इथेच फसलो होतो. नेरुळच्या घरात शॉवरसाठी ३ लिटरचा, ३ किलोवॅटचा इन्स्टंट गिझर बसवला आणि जानेवारीत पाणी कोमटच येऊ लागले, तेव्हा थर्मोस्टॅट बिघडला असे समजून मी दोनदा मेकॅनिक बोलावला. गिझर निर्दोष होता. १ किलोवॅट एका मिनिटात १ लिटर पाण्याचे तापमान सुमारे १४ अंशांनी वाढवतो, म्हणजे ३ किलोवॅट ४३ अंशांनी. शॉवरमधून मिनिटाला ६ लिटर पाणी पडत असेल, तर २५ अंशांचे पाणी जेमतेम ३२ अंशांवर पोहोचते. इन्स्टंट गिझर बादलीसाठी किंवा स्वयंपाकघरातल्या सिंकसाठीच घ्यावा. शॉवरसाठी घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

साठवणीच्या गिझरलाही हेच गणित लागू पडते. चौघांना २० लिटरची एकेक बादली ४० अंशांवर हवी असेल, तर बटण दाबल्यापासून २ किलोवॅटला निदान ४२ मिनिटे लागतात, मग टाकी १५ लिटरची असो वा २५ लिटरची. ३ किलोवॅटला २८ मिनिटे पुरतात. मोठ्या टाकीचा फायदा तेव्हाच, जेव्हा पाणी आधी तापवून ठेवायला सकाळी वेळ असतो.

३ किलोवॅटचा गिझर २३० व्होल्टवर १३ अँपिअर ओढतो, म्हणून १६ अँपिअरचे सॉकेट हवे. सिडकोच्या जुन्या घरांत वायर तेवढा भार पेलते का, हे आधी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. ताऱ्यांचे लेबल पाणी साठून राहिल्यावर किती उष्णता वाया जाते एवढेच दाखवते, तापण्याचा वेग नाही.

घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये राहत असाल, तर ८ बारचा, म्हणजे पाण्याचा तेवढा दाब सोसणारा, गिझर घ्या. गच्चीवरच्या टाकीपासून दर १० मीटर खाली दाब सुमारे १ बारने वाढतो, त्यामुळे दाब कमी करणारा व्हॉल्व्ह नसेल तर सर्वाधिक दाब खालच्या मजल्यांवर पडतो, वरच्या नव्हे.