सेंट्रिंग नीट तर काँक्रीट नीट

काँक्रीट बिघडलं की सगळे सिमेंटला नाहीतर मिस्त्रीला बोल लावतात, पण खूपदा चूक सेंट्रिंगची, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याची आणि त्याच्या टेकूंची असते, आणि माल (ओलं काँक्रीट) एकदा आत गेला की ती सुधारता येत नाही, म्हणून आदल्या दिवशी स्वतः फिरून बघाच.

आधी भिंत. ओला माल घनमीटरला साधारण 2400 किलो भरतो आणि पाण्यासारखा बाजूला रेटतो, म्हणजे 3 मीटर उंच भिंत एका दमात भरली तर तळाशी चौरस मीटरला 7000 किलोच्या वर रेटा येतो! म्हणून टाय (समोरासमोरच्या पाट्या एकमेकींना धरून ठेवणाऱ्या सळ्या) आणि आडवे वासे खाली जवळजवळ लावायचे, वर जरा लांब चालतात. सगळीकडे सारखंच अंतर ठेवलं की भिंतीला खाली पोट सुटतं आणि मग छिन्नी घेऊन बसावं लागतं. माल 30-45 सेंमीच्या थरांनी अख्ख्या भिंतीत फिरत भरा, व्हायब्रेटर (माल हलवून बसवायचं यंत्र) खालच्या थरात थोडा जाऊ द्या आणि हळूच वर ओढा.

फटी शोधायची माझी पद्धत सांगतो, अंधार पडला की वरून आत बॅटरी सोडायची आणि बाहेरून बघायचं. जिथून उजेड दिसेल तिथूनच सिमेंटचं पाणी जाणार आणि मागे नुसती खडी उरणार, मधमाशांच्या पोळ्यासारखी. तळाशी भुसा, तारेचे तुकडे पडलेले असतात, ते काढायला खाली एक छोटी खिडकी ठेवा आणि माल भरायच्या आधी बंद करा.

आता स्लॅब. 125 मिमीचा स्लॅब म्हणजे चौरस मीटरला 300 किलो, वर माणसं वेगळी. टेकू कधीही नुसत्या मातीवर नको, पाणी मुरलं की तो खचतो, खाली जाड फळी पाहिजे, टेकू ओळंब्यात पाहिजे आणि पाचरीला खिळा मारलेला पाहिजे. पाट्यांना काँक्रीट चिकटू नये म्हणून लावायचं ऑईल सळई बांधायच्या आधीच लावा, सळईला लागलं तर काँक्रीट पकड धरत नाही. कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई पाटीपासून वर उचलून धरणारे ठोकळे, 20 मिमीचे.

खोलायची घाई नको. साधं सिमेंट (OPC) आणि हवा 15 अंशांच्या वर असेल तर भिंतीच्या पाट्या 24 तासांनी काढता येतात, पण स्लॅबचे टेकू 4.5 मीटरपर्यंतच्या गाळ्याला (दोन आधारांमधलं अंतर) 7 दिवस, त्याहून मोठ्याला 14 दिवस. काढताना मधले आधी, मग कडेचे. बाहेर निघालेल्या गॅलरीला मात्र उलटं, मोकळ्या टोकापासून सुरू करून भिंतीकडे यायचं.