ई+११ दिसलं तर घाबरू नका: सायंटिफिक नोटेशन वाचायचं आणि लिहायचं कसं

परवा वहिनीचा फोन, बचत गटाची यादी एक्सेलमध्ये टाईप केली आणि आधार नंबरच्या कॉलममधे ३.४५६७९ई+११ असलं काहीतरी येतंय, फाईल खराब झाली वाटतं. फाईलला काही झालेलं नसतं, १२ आकडी नंबर एक्सेल आपणहून सायंटिफिक नोटेशनमधे, म्हणजे एक छोटा आकडा गुणिले १० चा घात अशा थोडक्यात लिहायच्या पद्धतीत, दाखवतं इतकंच. त्यातला 'ई+११' म्हणजे 'गुणिले १० चा ११ वा घात'. इथे वर छोटा आकडा काढायचा कंटाळा म्हणून मी १०^११ लिहितोय.

आता आपण स्वतः लिहून बघू. सूर्य आपल्यापासून साधारण १५ कोटी किमी लांब आहे, म्हणजे १५,००,००,०००. पॉइंट शेवटी आहे असं समजा आणि तो डावीकडे सरकवत न्या, त्याच्या आधी एकच आकडा उरेपर्यंत, आणि तो आकडा शून्य नको. झालं १.५. किती घरं सरकला? आठ. म्हणून १.५ × १०^८. इथे निम्मी पोरं चुकतात, कारण ती शून्यं मोजतात आणि शून्यं आहेत सातच. शून्यं नाही, घरं मोजायची.

आपल्याला तर यात आयता शॉर्टकट आहे: लाख म्हणजे १० चा घात ५, कोटी म्हणजे ७, अब्ज म्हणजे ९. १५ कोटी = १५ × १०^७, मग १५ चं १.५ केलं की घात एकने वाढला.

बारीक आकड्यांना उलटं. रक्तातली तांबडी पेशी साधारण ०.०००००७५ मीटर रुंद असते. पॉइंट उजवीकडे सहा घरं गेला की ७.५ होतात, म्हणून ७.५ × १०^-६. मायनस बघून संख्या ऋण आहे असं समजू नका हां, ती फक्त एकापेक्षा लहान आहे.

खरी मजा गुणाकार-भागाकारात. गुणताना घातांची बेरीज, भागताना वजाबाकी. प्रकाश सेकंदाला जवळपास ३ लाख किमी जातो, म्हणजे ३ × १०^५. सूर्यापासून इथे यायला किती वेळ? १.५ भागिले ३ = ०.५, आणि ८ वजा ५ = ३. आलं ०.५ × १०^३, पण पुढे शून्य चालत नाही म्हणून ५ × १०^२, म्हणजे ५०० सेकंद, ८ मिनिटं २० सेकंद. कॅल्क्युलेटर काढायलाच लागला नाही.

बेरीज करताना मात्र आधी घात सारखे करून घ्या. ३ × १०^५ आणि २ × १०^४ यांची बेरीज ५ × १० चा काहीतरी घात अशी करून मोकळे होतात लोक, अरे तीन लाख आणि वीस हजार मिळून कधी पाच लाख होतात का? दुसऱ्याचं ०.२ × १०^५ करा, मग ३.२ × १०^५.

राहिली वहिनीची यादी. कॉलम सिलेक्ट करून फॉरमॅट 'नंबर' केला, दशांश शून्य ठेवले, सगळे आधार नंबर जसेच्या तसे परत दिसले. पण एक्सेल १५ च आकडे नीट धरून ठेवतं, १६ आकडी कार्ड नंबर टाकला तर शेवटचा आकडा शून्य होऊन बसतो आणि नंतर फॉरमॅट बदलून काही उपयोग नाही, तेव्हा असे नंबर टाईप करायच्या आधीच कॉलम 'टेक्स्ट' करून ठेवायचा. तिचे १२ आकडीच होते म्हणून वाचलो, नाहीतर अख्खी यादी परत बडवायला लागली असती.